दिसायला मास्तरांची, पळायला वेगळीच: अशी जुनी गाडी घ्यायची असेल तर

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. तू मिरजेचा, सहकारी बँकेत नोकरीला, वडील रिटायर्ड शिक्षक, बजेट ८ लाख, रोज मिरज-सांगली आणि महिन्यातून दोनदा पुणे. गाडी पळणारी पाहिजे पण गल्लीत कुणाला कळायला नको, बँकेतल्या साहेबांना तर अजिबातच नको, आणि वडिलांनी विचारलं तर "जुनी साधी सेडान आहे हो बाबा" एवढं म्हटलं की विषय संपला पाहिजे. वाचून हसू आलं, कारण मी पण त्यातलाच आहे. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली, स्कोडा-फोक्सवॅगन जास्त येतात, आणि माझी स्वतःची गाडी बघून गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मिस्त्री, एवढ्या भारी गाड्या हाताखालून जातात आणि स्वतःला हे पांढरं डबडं?" मी म्हणतो काय करायचं साहेब, परवडत नाही. झाकली मूठ.

मॉडेलचं नाव मी लगेच सांगत नाही कारण ते सांगितलं की तू मोबाईल काढून जाहिराती बघत बसशील. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसव. अशी लपलेली पळणारी गाडी पहिल्या मालकाने दोनपैकी एका कारणाने घेतलेली असते. एकतर त्याला माहीत होतं ही पळते, म्हणून घेतली. नाहीतर त्याला काहीच माहीत नव्हतं, सीट मऊ होत्या, डिकी मोठी होती, मुलगा म्हणाला ही घ्या, शोरूमवाल्याने टॉप मॉडेल गळ्यात मारलं, म्हणून घेतली. तुला या दुसऱ्या माणसाची गाडी पाहिजे. गुपचूप गाडीचा खरा फायदा लोकांना कळत नाही हा नाहीच, ती चालवणाऱ्या मालकालाच कधी कळलेलं नसतं हा आहे. स्पोर्ट्स कार म्हणून विकलेल्या गाडीत हे सुख नाही, ती प्रत्येकाने पिळलेलीच असते.

उदाहरण सांगतो. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार, त्यांच्याकडे २०१६ नंतरची स्कोडा सुपर्ब, १.८ टीएसआय (म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल), तीही मॅन्युअल. मॅन्युअल का, तर ड्रायव्हरला ऑटोमॅटिक जमत नव्हती, बास एवढंच कारण. आता यातली गंमत बघ. त्या वेळी हेच १.८ इंजिन डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत २५० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) द्यायचं आणि मॅन्युअलसोबत ३२० एनएम. पॉवर दोन्हीकडे १८० पीएस. इंजिनात दम होताच, गिअरबॉक्सला २५० च्या वर झेपत नाही म्हणून कंपनीनेच लगाम घातला होता. काकांना यातलं काही ठाऊक नाही, डिकीत द्राक्षाच्या पेट्या आणि ७० चा स्पीड, ३००० आरपीएमच्या वर त्या इंजिनाने कधी श्वास घेतला नसेल. माझ्या एका मित्राने ती घेतली तेव्हा मी खालून-वरून तपासली, ब्रेक डिस्कला कड नाही, क्लच सुरुवातीलाच धरतोय, आणि सर्व्हिसच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे रबर लावून ठेवलेल्या. गाडीपेक्षा मला ती पिशवी जास्त आवडली.

आता उलटं उदाहरण, माझंच. गॅरेज चालवतो म्हणून मला कोण फसवणार असा माज होता. पुण्यातून एक टर्बो पेट्रोल सेडान घेतली, कंपनीचं नाव घेत नाही, चूक गाडीची नव्हतीच. विकणारा पोरगा गोड बोलणारा, गाडी चकाचक, स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट नाही. तिथेच मला कळायला पाहिजे होतं, सात वर्षांच्या गाडीत एकही जुना फॉल्ट पडलेला नाही म्हणजे आदल्या रात्री कुणीतरी सगळं पुसलंय. घरी आणल्यावर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल प्यायला लागली. मग बारकाईने बघितलं तर एअर फिल्टरचा डबा कोरा करकरीत नवा आणि बाकी सगळं इंजिन जुनं, होजच्या क्लिपांवर पान्याचे ओरखडे, एक्झॉस्टला डाउनपाइपच्या जॉइंटवर नवे नट. म्हणजे दोन-तीन वर्षं गाडी रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून), मोठा इनटेक आणि एक्झॉस्ट लावून पिळली आणि विकायच्या आधी सगळं परत ओरिजिनल करून ठेवलं. इंजिन उघडायला लागलं. तो खर्च बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

म्हणून रिमॅपचं जरा नीट सांगतो. टर्बो गाडीत ईसीयूचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं की बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब वाढतो आणि टॉर्क फुकटात २५-३० टक्के वर जातो असं वाटतं, फुकटात नसतो तो, क्लच, गिअरबॉक्स, टर्बो आणि पिस्टन सगळे हप्ते भरत असतात. पकडायचं कसं? व्हीसीडीएससारखा चांगला स्कॅनर असलेला माणूस ईसीयूत कितीदा लिहिलंय त्याचा आकडा बघू शकतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना कंपनीच्या सिस्टीममध्ये सॉफ्टवेअर छेडल्याचा टीडी१ असा शिक्का पडलेला असू शकतो, तो अधिकृत वर्कशॉपमधून कळतो. पण स्कॅनर नसला तरी चालवून कळतं. वरच्या गिअरला टाक, ६०-७० वर एकदम पाय दाब, आरपीएम वर पळाला आणि स्पीड मागून आला तर क्लच घसरतोय. ४०-५० हजार चाललेल्या गाडीचा क्लच घसरायचं कारण नाही, एकतर मीटर खोटं आहे नाहीतर गाडी पिळलेली आहे. आणि विकणारा स्वतःहून "स्टेज वन केलेली आहे, फुकट मिळतंय तुम्हाला" असं (स्टेज वन म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप) कौतुकाने सांगायला लागला तर चहा पी, आभार मान आणि निघ. तू स्वतःही घेतल्यावर त्या नादाला लागू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल करता येत नाहीत, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. बँकेत आहेस, तुला हे जास्त कळतं.

बरं आता नावं.

तुझ्या जागी मी असतो तर पहिल्यांदा स्कोडा रॅपिड १.० टीएसआय मॅन्युअल शोधली असती. २०२० ला बीएस६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला, फोक्सवॅगन ग्रुपने इकडची डिझेल बंद केली आणि रॅपिड-व्हेंटोत हे तीन सिलिंडर टर्बो टाकलं, ११० पीएस, १७५ एनएम, ६ गिअर. कागदावर आकडा छोटा वाटेल पण गाडी साडेअकराशे किलोच्या आसपास आहे आणि बॉडी तीच २०११ पासूनची, लोकांच्या डोळ्याला इतकी सवय झालीय की नजर थांबतच नाही. पांढरी घेतलीस तर तुझ्या बँकेतला साहेब तिला भाड्याची समजेल. पण आधीच सांगतो, १५०० आरपीएमच्या खाली ही झोपलेली असते, ट्रॅफिकमध्ये क्लच-गिअर खेळावं लागतं, आणि मागे डिस्क नाहीत, ड्रम आहेत. ऑटोमॅटिक घेतलीस तरी घाबरायचं कारण नाही, तिच्यात डीएसजी नाही, ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे नेहमीची साधी ऑटोमॅटिक आहे, मजा थोडी कमी आणि डोकेदुखी बरीच कमी.

दुसरी स्कोडा ऑक्टाव्हिया, २०१३ नंतरची. दिसायला सरकारी अधिकाऱ्याची गाडी, आणि १.८ टीएसआय म्हणजे १८० पीएस. मागचं सस्पेन्शनही १.८ ला मल्टिलिंक आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलतात, बाकीच्यांना दोन्ही चाकं जोडणारा साधा बीम, आमच्या यवतेश्वर घाटाच्या वळणावर फरक कळतो. पण तिच्यासोबत येतो ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, आणि सगळी भीती तिथे आहे. कोरडा म्हणजे त्याचे दोन क्लच तेलात बुडालेले नसतात, ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना ते तापतात, थरथरतात, आणि त्याच्या डोक्यावर जो मेकॅट्रॉनिक बसतो, म्हणजे हायड्रॉलिक आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात, तो गेला की लाखाच्या पुढचं बिल. बरेच लोक म्हणतील डीएसजी म्हणजे कटकट, घेऊच नको. मी तसं म्हणत नाही. हायवेला चाललेल्या डीएसजीला सहसा काही होत नाही, पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकला पाच वर्षं रांगलेल्याला होतं. म्हणजे इथे ७० हजार चाललेल्या शहरातल्या गाडीपेक्षा सव्वा लाख हायवे चाललेली बरी, लोक नेमकं उलटं करतात. त्यातूनही भीती वाटत असेल तर ऑक्टाव्हिया १.४ टीएसआय बघ, ६ गिअर मॅन्युअल, सुरुवातीला १४० पीएस आणि नंतर १५०, टॉर्क तोच २५०. ती कमी विकली गेली म्हणून शोधायला वेळ लागतो, पण मिळाली तर मला आधी फोन कर आणि मग तुझ्या बायकोला. त्याच्या आधीची स्कोडा लॉरा किंवा जुनी सुपर्ब १.८ मात्र सोड, १६० पीएस ऐकून भाव स्वस्त वाटतो, पण त्या पिढीच्या इंजिनाचा टायमिंग चेन टेन्शनर (आतली साखळी ताणून धरणारा पार्ट) आणि ऑइल खाणं जगभर बदनाम आहे. नवीन पिढीत ते बरंच सुधारलं, आता वॉटर पंपाची प्लास्टिकची हाउसिंग गळते, म्हणून कूलंटची टाकी कमी दिसली की पंपाच्या खाली टॉर्च मारून गुलाबी डाग बघ.

ऑक्टाव्हिया आरएस बद्दल पण विचारलंयस. २०१७ ला ५०० गाड्या आल्या, २३० पीएस, आणि २०२० ला २४५ पीएसच्या २०० गाड्या. तुझ्या बजेटच्या बाहेर आहेत आणि गुपचूप तर मुळीच नाहीत, साताऱ्यात राजवाड्यावर उभी केली तर कॉलेजची पोरं फोटो काढतात.

स्वस्तात बसवायचं असेल तर दोन आहेत. एक फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस, २१५ एनएम आणि वजन हजार-साडेदहाशे किलो. ड्रायव्हिंग स्कूलची वाटते. कराडच्या पुढे कुणी मोठी एसयूव्ही घेऊन मागे लागला तर त्याला शेवटपर्यंत कळत नाही काय झालं ते. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं म्हणून भाव पडलेत, सर्व्हिस आणि पार्ट अजून मिळतात. तुझं पुणं महिन्यातून दोनदा आहे, डिझेलचं मायलेज तुला परवडेल. दुसरी बलेनो आरएस, २०१७ ते २०२० एवढीच आली, १.० बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, वजन ९५० किलो, चारही चाकांना डिस्क. लपायचंच असेल तर बलेनोपेक्षा चांगली जागा नाही, गल्लीत आधीच चार उभ्या असतात. फक्त इंजिनचे काही पार्ट साध्या बलेनोचे बसत नाहीत, ऑर्डर टाकून थांबावं लागतं.

फियाट लिनिया टी-जेट वर माझं प्रेम आहे. ११४ पीएस, २०७ एनएम, आपल्या रांजणगावला बनलेली, स्टिअरिंग असं की हातात रस्ता येतो. पण एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नको, टर्बोच्या एका पाइपसाठी तीन आठवडे उभी राहिली तर तू रोज बँकेत कशाने जाणार. शेव्हर्ले क्रूझ पण तशीच, २००९ ला १५० पीएस डिझेल म्हणजे तेव्हा रॉकेट होतं, आता कंपनीच २०१७ पासून देशात गाड्या विकत नाही. २०११ नंतरची व्हर्ना १.६ डिझेल १२८ पीएस आणि २६० एनएम, सरळ रस्त्याला नाद नाही करायचा, पण १०० च्या वर त्या जुन्या व्हर्नाचं मागचं अंग तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं होतं. पळणारी आणि थांबणारी दोन्ही पाहिजे ना, मग राहू दे.

आता तुझ्या भागातल्या गाड्यांबद्दल एक वेगळी गोष्ट, आणि यावर मी जास्त बोलणार आहे. पाणी. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, परत जुलै २०२१ ला पाणी आलं, तू तिथलाच, तुला काय सांगायचं. लोकांनी माणसं आणि जनावरं आधी काढली, गाड्या पार्किंगला राहिल्या. त्यातल्या कितीतरी विमा कंपन्यांनी टोटल लॉस केल्या, लिलावात गेल्या, कुणीतरी लॉटमध्ये घेऊन धुऊन-पुसून उभ्या केल्या आणि लांबच्या जिल्ह्यात विकल्या. एमएच १० किंवा एमएच ०९ पासिंग दिसलं की पुराची गाडी असं अजिबात नाही, उलट दुसऱ्या जिल्ह्याच्या नंबरची गाडीही पुरात बुडालेली असू शकते, तर सांगलीतल्या चौथ्या मजल्याच्या पार्किंगमधली गाडी निर्दोष असते. म्हणून नंबर बघून काही ठरवू नको, हात घालून बघ.

पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, अगदी संपेपर्यंत. बेल्ट कुणी धूत नाही, आतल्या टोकाला मातीची रेघ किंवा डाग राहतोच. मग सीट पूर्ण मागे सरकवून खाली मोबाईलचा टॉर्च मार, सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेत का, आणि तिथे एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात त्यांच्या पिनांवर हिरवट चढलंय का. गाडीला वरून कितीही पॉलिश मारा, तो हिरवा रंग जात नाही. डिकीत स्टेपनी उचल, खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ सापडतो, आपल्या काळ्या मातीचा गाळ वाळला की राखेसारखा होतो, बोटाला लावला की ओळखू येतो. शेवटी एसी बंद करून ब्लोअर फुल आणि हीटर फुल लावून काचा बंद करून पाच मिनिटं बस. कार्पेटच्या खालच्या स्पंजात पाणी मुरलं असेल तर गरम हवेने तो वास उठतो. गाडीत तीन-तीन परफ्यूम लटकवलेले असतील तर आधी ते काढून बाहेर ठेवायला सांग आणि मग बस. गेल्या वर्षी एक हॅचबॅक अशीच पकडली, बाकी सगळं स्वच्छ होतं, फक्त डॅशबोर्डच्या चार्जिंग सॉकेटच्या तळाशी माती होती. तेवढ्यावर सौदा मोडला. विकणारा म्हणाला "एवढ्याशा मातीसाठी?" म्हटलं हो, माती एवढीशी आहे पण ती तिथपर्यंत चढली कशी ते सांग.

अपघात आणि क्लेमसाठी एक सोपी युक्ती आहे जी फार कमी लोक वापरतात. चालू पॉलिसी मागून घे आणि नो क्लेम बोनस बघ. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांची गाडी, मालक म्हणतो एक ओरखडा नाही, आणि बोनस २० टक्के, म्हणजे मधे कधीतरी क्लेम झालाय किंवा पॉलिसी तुटलीय. विचारायचं, आणि उत्तर देताना चेहऱ्याकडे बघायचं. पत्र्याचं बघताना बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघ, कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंगाचा थर सलग असतो, पाना लागला की कोपरे चमकतात. बंपर रंगवलेला असेल तर सोडून दे, बंपर सगळ्यांचेच रंगवलेले असतात. एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) आणि पिलरला (छत धरणाऱ्या खांबांना) पुट्टी असेल तर मात्र उठ.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी स्पष्ट सांग की मी येईपर्यंत चालू करायची नाही. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर "गाडी आत्ताच धुवायला नेली होती" हे उत्तर ठरलेलं असतं, तू म्हण ठीक आहे, उद्या येतो. थंड इंजिन चालू होताना पहिली चार सेकंद सगळं सांगतात, चेनचा खडखडाट असेल तर तेव्हाच येतो, निळा धूर असेल तर तेव्हाच दिसतो, नंतर इंजिन गरम झालं की सगळे सज्जन. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून जास्त चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हवर कार्बन साठतो आणि थंडीत आयडलिंग कुरकुरतं. ते साफ करता येतं, खर्च भावातून वजा करून घे, त्यासाठी गाडी सोडू नको.

साताऱ्यात आणलीस तर मी तुला ठरलेल्या रस्त्याने फिरवीन. आधी पोवई नाक्याच्या गर्दीत, कारण डीएसजी पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरत असेल तर तिथेच कळतं, मोकळ्या रस्त्याला नाही. मग यवतेश्वरचा घाट, वर जाताना दुसऱ्या गिअरमध्ये खेचून बघायची आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर, उतरताना ब्रेक पेडलला थरथर येते का. मग हायवेला तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ९०, एकदाच, सलग. टर्बोची खेच एकसारखी आली पाहिजे, मधेच दम तोडून परत पकडली तर होज फुटलाय किंवा बूस्ट गळतोय. १४०-१५० मारून बघायची काही गरज नाही, त्यातून गाडीची तब्येत कळत नाही, फक्त खंबाटकीच्या अलीकडच्या कॅमेऱ्याला तुझा नंबर कळतो.

टायरवर जरा थांबतो. प्रत्येक टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आणि जवळपास एकाच तारखेचे असतील तर मालक गाडीवर पैसे खर्च करणारा होता. चार कंपन्यांचे चार टायर, त्यातले दोन सगळ्यात स्वस्त, म्हणजे त्याने ऑइलही स्वस्तातलंच घातलं असणार, टर्बो गाडीला ते विष आहे. मी तर मीटरपेक्षा टायरवर जास्त विश्वास ठेवतो. मीटरचं काय, पाडणारे किरकोळ पैशात पाडतात. त्याला तोड म्हणजे चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपची हिस्ट्री काढणं, मालकाला सोबत घेऊन जा म्हणजे अडवाअडवी होत नाही. २०१८ ला सर्व्हिसला आली तेव्हा ९२ हजार आणि आज मीटर ६८ हजार दाखवतंय, असं मी दोनदा बघितलंय.

आठ लाखाची गाडी आठ लाखाला घेऊ नको. साडेसहाची घे आणि दीड बाजूला ठेव. पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, प्लग, ब्रेक फ्लुइड, गरज असेल तर टायर आणि बेल्ट, हे विकणारा काहीही म्हणाला तरी करायचंच. ६ गिअरचा ओला डीएसजी (क्लच तेलात बुडालेले) असलेली घेतलीस तर त्याचं तेल दर ६० हजाराला बदलावं लागतं, पावती नसेल तर बदललेलं नाही असं समज. पेट्रोलचं पण लक्षात ठेव, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, गाडी महिना-महिना उभी ठेवू नको आणि रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घे.

कागदांचं तुला शिकवायला नको तरी सांगतो कारण बँकवालेच घाईत चुकतात. सरकारच्या 'वाहन' साइटवर आरसी, कर्ज आणि ई-चलन बघ. कर्ज फिटलेलं असेल तरी आरसीवरून बँकेचं नाव उतरलंय का ते बघ, ते नाव उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय इसार पाच-दहा हजाराच्या वर देऊ नको. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्या समोर. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तू ३० दिवसांत ट्रान्सफरला टाकायचं, विमा पण १४ दिवसांत नावावर करून घे, आणि तो नो क्लेम बोनस गाडीसोबत तुला मिळत नाही, तो जुन्या मालकाचा, म्हणजे प्रीमियम वाढून येईल ते आधीच धरून ठेव. दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत मिळतेय म्हणून कुणी सांगितलं तर इथला रोड टॅक्स, एनओसी आणि नवीन नंबर याचा हिशोब मांडून बघ, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

तू जी विश्रामबागची रॅपिड बघितली म्हणतोस, २०२१ ची, पहिला मालक, रिटायर्ड इंजिनिअर, ४१ हजार चाललेली, फोटोत डिकीवरचा टीएसआयचा बिल्ला पण नाही. बिल्ला मुद्दाम काढलाय की डिकीचं पत्राकाम झालंय ते आधी विचार, दोन्ही शक्य आहे. चार टायरच्या तारखांचे, पॉलिसीच्या पहिल्या पानाचे आणि स्टेपनीच्या खड्ड्याचे फोटो काढून पाठव. ते ठीक वाटले तर रविवारी पहाटे मीच येतो तिकडे, परत जाताना कराडला नाश्ता तुझ्याकडून.